पत्र्याखालच्या खोलीतलं व्होल्टेज

यशोधरा दिवसा लोकांची न बांधलेली घरं उभी करायची आणि संध्याकाळी बुडालेली. लोणावळ्यात बंगले बांधणाऱ्या एका आर्किटेक्टच्या ऑफिसात ती कामाला होती. नुसती चुन्याची आखणी झालेल्या जागेवर पुढं कसा बंगला होणार, ते कॉम्प्युटरवर रंगवून गिऱ्हाइकाला त्यातून फिरवून आणायचं, हे तिचं काम. मळवलीला घरी आली की हातपाय धुवायची, कोपऱ्यातल्या बुद्धमूर्तीपुढं मेणबत्ती लावायची, आणि जिना चढून वरच्या पत्र्याच्या खोलीत जायची. तिथं तिचा स्वतःचा कॉम्प्युटर होता आणि त्याच्यात तिच्या वडलांची वाडी होती.

ती वाडी पवनेच्या धरणात गेली तेव्हा तिचे वडील, जानूआबा, लहान होते. पुढं सारा जन्म त्यांनी मळवलीत परक्यांचे बंगले राखले. दुसऱ्याच्या बागेला पाणी घालताना मध्येच थांबून ते पाण्याकडं बघत राहायचे, हे यशोधरेनं लहानपणापासून पाहिलं होतं. आता त्यांच्या डोळ्यांत काचबिंदू होता. गेलेली नजर परत येत नाही, उरलीय ती औषधाच्या थेंबांनी जपायची, जपेल तेवढी, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. कडेचं दिसेनासं झालं होतं. समोरचं तेवढं नळीतून बघितल्यासारखं दिसायचं.

"मला येकदा आडापासनं घरापतूर चालत जायचंय," आबा एकदा जेवताना म्हणाले. "मग ऱ्हायले काय, गेले काय डोळे."

भागुबाईंनी, म्हणजे यशोधरेच्या आईनं, भाकरी त्यांच्या हातात नीट दिली. यशोधरेनं ते मनात धरलं.

आबा बाजेवर डोळे मिटून बसायचे आणि सांगायचे. आडाच्या डाव्या अंगाला उंबर. पलीकडं कोंडाजीचा गोठा. सांगता सांगता त्यांचा आवाज हलका व्हायचा, खोलीतला पंखा, बाहेरची गाडी सगळं लांब जायचं, आणि यशोधरेला वाटायचं, आपण दोघं पाण्याच्या तळाशी बसलोय, वरून हिरवा उजेड येतोय. ती काढत जायची. पडद्याला नाक लावून आबा बघायचे.

"न्हाई गं, उंबर येवढा सरळ न्हाई. त्यो पाण्याकडं वाकल्याला. वाकून बघायचा, कोण आलं पाण्याला."

उंबर वाकवायला वेळ लागायचा नाही. पण झाड हललं की उन्हाचा प्रत्येक कवडसा, आडाच्या कठड्यावरची प्रत्येक सावली कॉम्प्युटरला नव्यानं हिशेबात घ्यावी लागायची. मशीन जुनं, वेगळं ग्राफिक कार्ड नाही, सगळा भार प्रोसेसरवर. एवढाशा तुकड्याला दिवस दिवस जायचे. तोवर आबांना आणखी काही आठवलेलं असायचं.

"ओव्हरक्लॉक कर," ऑफिसातला रुचिर म्हणाला. "कंपनीनं प्रोसेसरला जो वेग ठरवून दिलाय, त्याच्यापेक्षा थोडा जास्त पळव. वेग वाढवला की त्याला व्होल्टेज जास्त लागतं. ते ऑटोवर ठेव, मदरबोर्ड बघून घेईल."

तिनं तसं केलं. मदरबोर्डनं बघून घेतलं ते असं, की तापमानाचा आकडा बघता बघता लाल झाला आणि पंखा विमानासारखा घोंगावायला लागला. तिनं घाईघाईनं बंद केलं. मग चार ठिकाणी वाचलं तेव्हा कळलं, की ऑटोवर ठेवलं तर बोर्ड स्वतःच्या डोक्याला त्रास नको म्हणून गरजेपेक्षा जास्तच व्होल्टेज ओततो. जास्त व्होल्टेजनं चिप लगेच मरत नाही. तापते, आतून झिजत जाते, आणि एक दिवस उठतच नाही.

तेव्हा तिनं हातानं ठरवायचं मनावर घेतलं. वेग एका जागी बांधून टाकायचा. व्होल्टेज एक कण कमी करायचं, प्रोसेसरला भरपूर कामाला जुंपायचं आणि बघत बसायचं. टिकला, तर आणखी कण कमी. जिथं पडदा गोठेल तिथून थोडं वर यायचं, अगदी काठावर थांबायचं नाही. कारण मोठं काम अंगावर आलं की व्होल्टेज आपसूक जरा खाली बसतं, तेवढी जागा ठेवायला हवी. श्रावणभर तिचा हाच उद्योग. खिडकी उघडी असायची, धुकं सरळ आत यायचं, टेबलावरून फिरून पायाशी बसायचं. त्या धुक्यात प्रोसेसर थंडगार राहायचा.

"व्होल्टेज कमी पडतंय तर वायरमनला सांग की," भागुबाई चहा घेऊन वर आल्या होत्या.

"आई, ते घरात येतं ते नव्हे. आत नखाएवढी चिप आहे, तिला किती द्यायचं ते."

"मग दे की पोटभर."

"पोटभर दिलं तर जळते."

"मग कमी दे."

"कमी दिलं तर चक्कर येऊन पडते."

"लय बी नको नि थोडं बी नको! माझ्या सासूपरीस वरचढ हाय गं ही," भागुबाई म्हणाल्या. मग जिन्याशी थबकल्या. "पर तथागतांनी तरी दुसरं काय सांगितलं? मदली वाट धर म्हनूनच की."

यशोधरा हसली. पण ती वाट अखेर सापडली. वेगही बरा वाढला, कामही अडेना. हिवाळाभर वाडी घर घर करून वर येत राहिली. मातीच्या भिंती, चुलीचा धूर, चौकटीला लटकवलेला कंदील. आबांचं बोलणं आणि तिचं चित्र यात आता अंतर राहिलं नव्हतं. ऑफिसात बसल्या बसल्या कधी तिला त्या उंबराखालच्या गारव्याचा भास व्हायचा, जिथं ती कधीच उभी राहिली नव्हती.

चैत्रात सगळं जुळलं. आता आडापासून घरापर्यंतची पूर्ण वाट, चित्रामागून चित्र, सलग तयार करायला लावायची होती. तिनं हात जोडून त्रिसरण म्हटलं आणि काम सुरू केलं. दुपारी कॉम्प्युटर आपोआप बंद होऊन परत चालू झाला. तिनं पुन्हा लावलं. या वेळी तो बंद पडला नाही, पण सकाळी चित्रं उघडली तर कोंडाजीच्या गोठ्याची भिंत मधोमध फाटलेली, आडात पाण्याऐवजी काळं भोक, आणि चांगल्या चित्रांच्या मध्येच हे सगळं. बंद पडणं परवडलं असतं. हा कॉम्प्युटर गपचूप चुकीची बेरीज करत होता.

ती डोक्याला हात लावून बसली तेव्हा डोक्यावरचा पत्रा तडतडत होता. खोलीत भट्टी पेटल्यासारखी धग होती. तेव्हा तिच्या ध्यानात आलं. आपण पारख केली श्रावणातल्या धुक्यात आणि भरवसा धरला चैत्रातल्या पत्र्याखाली. गार चिपला पुरलेलं व्होल्टेज तापलेल्या चिपला पुरत नव्हतं.

रुचिरला फोन केला तर तो म्हणाला, "अगं, मग व्होल्टेज चढव अजून! आता शेवटचंच काम ना?"

त्याच वेळी खाली आबांनी पाणी प्यायला तांब्या उचलला आणि तो परत ठेवताना ओट्याची कड चुकली. तांब्या फरशीवर आपटला. आबा तिथंच उभे राहिले, हात हवेत धरून, कड शोधत. यशोधरेनं जिन्यातून ते बघितलं. सावकाश जावं तर डोळे थांबतील का? जोर लावावा तर या धगीत चिप गेली की वाडी अडकली पाण्यातच, आणि नव्या मशीनचे पैसे जमेपर्यंत आबांची नजर कुठून आणायची?

"आबा, थोडा उशीर होईल," ती खाली येऊन म्हणाली. "चालेल?"

"धरणात जाऊन पन्नास वर्सं झाली तिला," आबा म्हणाले. "ती कुटं पळतीय? तू घाबरी नको होऊ पोरी."

तिनं वेग उतरवला, मूळच्या जवळ आणला. व्होल्टेजही त्या मानानं खाली घेतलं, पण काठापासून बरंच आत ठेवलं. आणि या वेळी पारख केली ती भर दुपारी, खिडकी लावून, पत्रा सगळ्यात जास्त तापलेला असताना. घाम पुसत ती शेजारी बसून राहिली. आकडा चढला, एका जागी थांबला, तिथंच राहिला. मग काम लावलं. घरात सगळे हळू चालायला लागले, जणू वरच्या खोलीत कुणी आजारी माणूस झोपलंय. भागुबाई रोज सकाळी विचारायच्या, "कुटवर आली?" कधी उंबरापर्यंत आलेली असायची, कधी गोठ्यापर्यंत. फाटलेलं एकही चित्र निघालं नाही.

वाट पुरी झाली त्या संध्याकाळी आबांना धरून वर आणलं, पडद्यासमोर खुर्चीत बसवलं. खाली वाकलेला उंबर आला. कडेचा गोठा त्यांना दिसला नाही, तेव्हा मान वळवून त्यांनी तो शोधला. सापडल्यावर 'हां' म्हणाले. वाट पुढं सरकत होती, मऊ, धुळीची, उतरतं ऊन अंगावर घेतलेली. आबांचे पाय खुर्चीखाली आळीपाळीनं हलत होते. कुडाच्या भिंतींची, पेंढ्यानं शाकारलेली एक लहानशी झोपडी आली. तिथं वस्ती बुद्धवंदनेला जमायची.

"थांब, थांब," आबा म्हणाले.

यशोधरेनं चित्र थांबवलं. तिला वाटलं, काहीतरी चुकलं.

"हितं मोठी मान्सं वहाना काढायची," ते म्हणाले. "माज्या पायात तवा काय नसायचंच."

ते वाकले. हातांनी चाचपत त्यांनी एक चप्पल काढली, मग दुसरी, आणि दोन्ही जोडीनं बाजूला सारून ठेवल्या.

"हं," ते म्हणाले. "चल आता."