आता झालं, घरी जा

माझ्या ताईचा नवरा विद्युतदाहिनीवर कामाला होता. हे सांगितलं की समोरचा हमखास विचारतो, "मग ते फार देवभोळे असतील, नाही?" मी सांगते, छे, एक नंबरचे नास्तिक. आमच्या गल्लीत त्यांना नास्तिकबुवा म्हणत. त्या नावातल्या 'नास्तिक'बद्दल त्यांची काही तक्रार नव्हती. 'बुवा' मात्र त्यांना झोंबायचं.

भाऊजींचा देवाशी उभा दावा. तरुणपणी प्रार्थनाघराच्या पायऱ्यांवर उभे राहून ते गुरुजींशी तावातावाने वाद घालायचे. गुरुजीही काही कमी नव्हते. दोघांनाही त्यात मजा येत असावी, कारण भाऊजी आजारी पडले तेव्हा सगळ्यात आधी भेटायला गुरुजी आले आणि उशाशी बसून तासभर भांडून गेले. ताई आत प्रार्थनेला, हे बाहेर पायऱ्यांवर. प्रार्थना संपली की दोघं मिळून घरी.

घरातही तेच. सकाळी ताई खिडकीपाशी उभी राहून मोठ्याने प्रार्थना म्हणायची आणि पलीकडे स्वयंपाकघरात भाऊजी चहा करायचे. तिने त्यांना कधी शेजारी बोलावलं नाही आणि त्यांनी तिची प्रार्थना संपायच्या आत कधी चहा आणला नाही. लग्न टिकायला आणखी काय लागतं, मला ठाऊक नाही. माझं टिकलं नाही.

मी या दोघांच्या मधली. औषधाच्या दुकानात काउंटरवर उभी असते. देव आहे की नाही मला माहीत नाही, आणि खरं सांगायचं तर दिवसभर उभं राहून पाय इतके भरून येतात की शोधायला जायचं त्राण राहत नाही. गिऱ्हाईक म्हणतं, देव तुमचं भलं करो. मी म्हणते, सुटे पैसे द्या.

मग काय झालं, कधी झालं, कुणाच्या लक्षातही आलं नाही. प्रार्थनाघरात मागचे बाक रिकामे राहू लागले, नंतर मधले. शेवटी ताई आणि तिच्यासारख्या चार जणी पुढच्या बाकावर अंग चोरून बसायच्या. गुरुजी थकले आणि लांब मुलाकडे राहायला गेले. त्यांच्या जागी कुणी आलं नाही. दाराला कुलूप लागलं आणि पुढे तिथे गाद्यांचं गोदाम झालं. कुलूप लागलं त्या दिवशी मी भाऊजींना टोमणा मारला, "घ्या, जिंकलात." त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला उगाचच ओशाळल्यासारखं झालं.

"जिंकलो कसला," ते म्हणाले. "समोरचा आलाच नाही मैदानात."

त्यांची स्वतःची मुलगी देव मानत नाही. पण तिचं ते न मानणं वेगळं. भाऊजींनी त्यासाठी बापाचा मार खाल्लेला, नात्यातल्या लग्नांची आमंत्रणं गमावलेली. लेकीला देव म्हणजे आपल्या जन्माआधीच घरच्यांनी सोडलेल्या घराचा मालक. असेल बापडा, आपल्याला काय त्याचं? जेवताना भाऊजी तिला डिवचायचे. ती मोबाइलमधून मान वर न काढता म्हणायची, "असेल हो बाबा. नसेलही." भाऊजी वैतागून म्हणायचे, "अगं, निदान नाही तरी म्हण ठामपणे."

प्रार्थनाघर बंद पडल्याचा परिणाम झाला तो दाहिनीवर. पूर्वी गुरुजी यायचे, प्रार्थना म्हणायचे, शेवटी हात वर करायचे, आणि लोक निघायचे. गुरुजी गेल्यावर लोक प्रेत घेऊन येत, फुलं ठेवत, भाऊजी ट्रॉली आत सरकवून दार लावत आणि बटण दाबत. आणि मग कुणी हलायचंच नाही. संपलं हे त्यांना कळायचंच नाही. चपलांकडे बघत, एकमेकांकडे बघत तसेच उभे. सगळ्यात आधी पाठ कोण फिरवणार? बाहेर पुढची गाडी येऊन थांबलेली असायची.

भाऊजींनी पुष्कळ दिवस कळ काढली. मग एकदा ते हात पुसत लोकांसमोर आले आणि म्हणाले, "आता झालं. इथून पुढचं काम माझं. बाहेर नळ आहे, पाणी प्या. घरी जा. काहीतरी खा."

एवढंच. गर्दी हटवायला म्हटलेलं. पण लोक ढसाढसा रडले म्हणे, आणि निघाले. दुसऱ्या दिवशीही तोच प्रकार, म्हणून तेच शब्द. पुढे पुढे लोक येतानाच विचारू लागले, ते चार शब्द बोलणारे आज कामावर आहेत ना?

एकदा बाहेरचा नळ दुरुस्तीला काढला होता. भाऊजींनी पाण्याचं वगळलं, बाकीचं सांगितलं. लोक निघेनात. एक धिप्पाड माणूस पुढे आला, डोळे लाल, आणि म्हणाला, "वडिलांच्या वेळी तुम्ही पाणी प्या म्हणाला होतात. आईला का नाही?"

भाऊजी घरी येऊन डोकं धरून बसले. "नळ बंद होता गं," ते ताईला सांगत होते. "नळ बंद होता म्हणून नाही म्हटलं. आता यांना काय सांगू?"

ताई पोट धरून हसली. "गुरुजींना कळवा," ती म्हणाली. "म्हणावं, तुमची गादी चालवतोय."

ते काही हसले नाहीत. त्यांनी आयुष्यभर जे मोडायला बघितलं तेच त्यांच्या हातून पुन्हा उगवत होतं आणि त्यांना ते थांबवता येत नव्हतं, कारण लोक खरंच दमलेले असत आणि त्यांना खरंच कुणीतरी घरी जा म्हणायला हवं असे. मला त्यांची कीव यायची आणि रागही यायचा. एवढं कसलं मनाला लावून घ्यायचं?

मग ताई आजारी पडली. हृदय थकलं होतं. डॉक्टरांनी औषधं लिहून दिली, मी ती आमच्याच दुकानातून आणायची, आणि त्यांचा काय उपयोग होणार आहे हे मला पुड्या बघूनच कळायचं. ताईलाही कळलं होतं. तिने एकच मागितलं.

"मला आत सरकवाल तेव्हा माझी प्रार्थना म्हणा," ती भाऊजींना म्हणाली. "गुरुजी नाहीत. दुसरं कुणी उरलं नाही. परक्यांना चार शब्द देता, मला नाही द्यायचे?"

"ती प्रार्थना नाही. मी त्यांना घरी पाठवतो."

"मग मलाही पाठवा."

भाऊजी उठून स्वयंपाकघरात गेले. मी मागोमाग गेले आणि तोंडाचा पट्टा सोडला. मरणाऱ्या बाईला हो म्हणायला काय जातं तुमचं? नंतर नका म्हणू, कोण बघायला येणार आहे? त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं.

"तिच्याशी आजवर एकदाही खोटं बोललो नाही," ते म्हणाले. "ते आता शेवटी सुरू करू?"

मी दार आपटून निघून आले. पण दुकानातून रजा टाकली आणि दुसऱ्याच दिवशी पुन्हा गेले. बहीण माझी होती.

ताई पडल्या पडल्या सकाळची प्रार्थना म्हणायची, पण आता ती तिच्या तोंडून निसटत होती. मधली ओळ आठवायची नाही, ती कासावीस व्हायची. मला धड येत नव्हती. पहिल्यांदा असं झालं तेव्हा स्वयंपाकघरातून आवाज आला. भाऊजींनी पुढची ओळ सांगितली होती. ताईने ती उचलली, पुढे गेली, पुन्हा अडकली. पुन्हा आतून ओळ आली. शेवटपर्यंत.

चहा घेऊन आले तेव्हा मी नुसती त्यांच्याकडे बघत राहिले.

"मी म्हणत नाहीये," ते म्हणाले. "आठवण करून देतोय."

मग रोज तसंच. तिची ओळ, त्यांची ओळ. प्रार्थना चालू असताना ते कधी स्वयंपाकघराचा उंबरठा ओलांडून आले नाहीत.

एक दिवस ताईने म्हटलं, "जे हातून सुटलं ते तू सांभाळ," आणि ती थांबली. तिथे ती नेहमीच श्वास घ्यायला थांबायची. म्हणून भाऊजीही आत थांबले. बराच वेळ थांबले. मग गॅस बंद केल्याचा आवाज आला आणि ते चहा न घेताच बाहेर आले.

दाहिनीवर त्यांच्या जोडीच्या कामगाराने फार सांगितलं, आज मी करतो. त्यांनी ऐकलं नाही. स्वतः ट्रॉली सरकवली, दार लावलं, बटण दाबलं, सवयीने तापमानाच्या काट्याकडे बघितलं. गल्लीतले सगळे आले होते. पुढच्या बाकावरच्या त्या चौघीजणीही होत्या, एकमेकींचे हात धरून. सगळे भाऊजींकडे बघत होते. आणि भाऊजींनी आमच्याकडे पाठ केली.

कुणी हलेना. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तिने एवढंच मागितलं होतं आणि हा माणूस अजूनही अडून बसलाय. त्यांचा दंड धरून ओढायच्याच बेताने मी पुढे गेले.

ते ओठांतल्या ओठांत बोलत होते. "जे उरलं ते आम्ही सांभाळू," मला ऐकू आलं. त्याच्या पुढची ओळ, त्याच्या पुढची. कुठे अडखळले नाहीत. संपलं तेव्हा त्यांनी दारावर हात टेकला. दार तापलं असणार, पण त्यांनी हात काढला नाही. मी काढला.

"तिची अर्धी राहिली होती," ते मला म्हणाले. "तेवढीच पुरी केली."

माझा राग कुठल्या कुठे गेला आणि मला नुसतं रडू आलं. मागून मुलगी जवळ आली. तिला यातली एक ओळ येत नव्हती. तिने लहान असताना विचारायची तसं विचारलं, "मावशी, आता काय करायचं?"

मी भाऊजींकडे बघितलं. त्यांची नजर पुन्हा काट्याकडे गेली होती. लोक चपलांकडे बघत उभे होते. मग मीच वळले. मी, जिला काहीच ठाऊक नाही.

"आता झालं," मी म्हटलं. "इथून पुढचं काम यांचं. घरी जा. काहीतरी खा."

एकही पाय हलला नाही.

"पाणी राहिलं," भाऊजी मागून हळूच म्हणाले.

"बाहेर नळ आहे," मी म्हटलं. "पाणी प्या."

तेव्हा लोक निघाले. बाहेर नळापाशी रांग लागली, आणि रांगेच्या शेवटी नास्तिकबुवा जाऊन उभे राहिले.