गोलकीपरचं मानपत्र

दुबईतल्या एका फुटबॉल क्लबच्या ऑफिसात मी व्हिसाचे कागद सांभाळतो. तिथला मॅनेजर फ्रेंच होता. पंधरा वर्षं फ्रान्समधल्या लहानसहान संघांचा गोलकीपर, गुडघा गेल्यावर कोच, आणि शेवटी आमच्या मालकांच्या तावडीत. मालकांना फुटबॉलमधलं एवढंच कळायचं, की आपण जिंकलो पाहिजे.

दुबईच्या ऊद मेथा भागात आमच्या मराठी मंडळाचा वार्षिक सत्कार असतो. त्याला माझ्या ओळखीने आमचा मॅनेजर, म्हणजे ‘फॉरेनचा पाहुणा’, मिळतोय म्हटल्यावर अध्यक्षांनी माझ्या खांद्यावर हात टाकला. याआधी ते मला ओळखही दाखवत नसत. मी मूर्खासारखा हुरळलो. मानपत्र मीच लिहिलं: ‘आपण आयुष्यभर एकटे दारात उभे राहिलात. दुसऱ्यांच्या चुका अंगावर घेतल्यात आणि तोंडातून ब्र काढला नाहीत.’

सत्काराच्या दोन दिवस आधी क्लब लागोपाठ तिसरी मॅच हरला. “खलास,” मालक म्हणाले. व्हिसा रद्द करायचा कागद माझ्याच टेबलावर आला. मॅनेजरने निमूट सही केली आणि विचारलं, “शनिवारी पाचला ना?”

मी अध्यक्षांना फोन केला.

“अहो, नोकरी गेलेल्या माणसाला शाल? मंडळाची काही इमेज आहे की नाही? कॅन्सल करा त्याला!”

शाल-नारळ जेवणाचा खर्च उचलणाऱ्या कॉन्ट्रॅक्टरकडे वळला. माणसांचे व्हिसे कॅन्सल करण्यात माझी हयात गेली, पण मॅनेजरला एक फोन करायला माझी जीभ रेटेना.

पाच म्हणजे पाचला तो सूट घालून हजर. आपली मंडळी सहाला उगवली. “कार्यक्रम थोडा बदललाय,” असं पुटपुटत मी त्याला शेवटच्या रांगेत नेऊन बसवलं.

स्टेजवर मानपत्राचं वाचन सुरू झालं आणि मी गारच पडलो. मजकूर माझाच, अक्षरन् अक्षर. नवं लिहायचे कष्ट कोण घेणार! नावावर तेवढी कॉन्ट्रॅक्टरच्या नावाची पट्टी चिकटवली होती. आयुष्यात स्वतःची एक चूक कबूल न केलेला तो गृहस्थ चक्क डोळे पुसत होता.

“काय म्हणतायत त्याच्याबद्दल?” मॅनेजरने मला इंग्रजीत विचारलं.

मी ओळ न् ओळ इंग्रजीत सांगितली. त्याने मन लावून ऐकली.

“म्हणजे हाही गोलकीपर होता?”

“हो,” मी म्हणालो.

त्याने उभं राहून टाळ्या वाजवल्या. मी बसूनच वाजवल्या. उठलो असतो, तर अध्यक्षांना दिसलो असतो.