न्यायमूर्तींच्या घरचा बोळ

रंगनाथला कुणी काहीही सांगितलं, की तो आधी विचारायचा, "बरं, दुसरी बाजू काय?" कोर्टात ठीक आहे हो, पण घरातसुद्धा! धाकटी सून भाजीत मीठ जास्त टाकते, अशी आईनं तक्रार केली, तर हा पठ्ठ्या म्हणतो, "तिला बोलाव. तिचंही ऐकू." म्हातारी भडकली. "आरं, मी तुझी आई हाय का फिर्यादी?" रंगनाथ तेव्हा लांब कुठं जिल्हा न्यायाधीश होता आणि सुट्टीला गावी आला होता. भाजी स्वतः चाखून त्यानं आईच्या बाजूनं निकाल दिला.

आम्ही शाळेत एका बाकावर. तो न्यायाधीश झाला, मी शेवगाव तालुक्यातल्या आमच्या त्याच गावात मास्तर झालो. त्याचं घर धाब्याचं, दोन खणांचं. त्या घरात त्यानं कंदिलाखाली रात्र-रात्र अभ्यास केला, असं आता सगळे सांगतात. साफ थाप! दिवेलागण झाली की हा घोरायला लागायचा. पण मीसुद्धा वर्गात कंदीलच सांगत आलोय. पोरांना काहीतरी सांगावं लागतं.

बहात्तर साली रंगनाथ हायकोर्टाचा जज्ज झाला. गाव हरखलं, पण सगळ्यात जास्त हवा शिरली ती त्याच्या धाकट्या भावाच्या, भिकाच्या डोक्यात. त्यांचं घर आणि शेजारच्या गयाबाईचं घर यांच्यामधून एक बोळ गावच्या विहिरीकडं जायचा. भिकानं त्या बोळात सरळ दगडी भिंत घातली आणि पलीकडं गोठा केला. "जज्जाच्या घराला गोठा नको व्हय?" असं वर तोंड करून विचारायचा. गयाबाई विधवा, एकटी. दुष्काळाचं ते वर्ष. डोक्यावर हंडा घेऊन ती ओढ्यातून वळसा मारून विहिरीवर जायला लागली. सरपंच आले, ग्रामसेवक आला, तलाठी आला. भिंत बघितली, भिकाचा चहा प्याले आणि गेले. मीही प्यालो. कोर्टात जा म्हटलं, तर गयाबाई म्हणाली, "तितं बी त्येंचाच मानूस. रडू कुनाफुडं?"

गावानं रंगनाथचा सत्कार ठरवला. आदल्या दिवशी तो आला, ओट्यावर माणसं जमली, आणि गयाबाई तडक समोर येऊन उभी राहिली. तिनं सगळं सांगितलं. रंगनाथनं शांतपणे ऐकलं आणि भिकाकडं वळला. "बोल, तुझी बाजू काय?"

भिका हसला. "माजी बाजू? दादा, तूच की माजी बाजू!"

ओटा खदखदून हसला. मीही हसलो. रंगनाथ तेवढा हसला नाही.

मी त्याच्या कानाशी लागलो, "अरे, काहीतरी निकाल दे आणि मोकळा हो."

"गाढवा, घर माझ्याही नावावर आहे. इथं मी न्यायाधीश नाही, प्रतिवादी आहे." मग उठत म्हणाला, "पण प्रतिवादीला कबुली देता येते."

त्यानं गयाबाईला हात जोडले. "चूक आमची आहे, गयाबाई." कोट काढून माझ्याकडं दिला आणि भिंतीचा वरचा दगड ओढला. कामाची सवय कुठली! दगड थेट पायावर पडला. लंगडत-लंगडत त्यानं दुसरा ओढला. तेव्हा कुठं दोघं-चौघं लाजेकाजेस्तव पुढं झाले.

"परक्या बाईपायी भावाची मान खाली घातली," भिका म्हणाला. "पुन्यांदा ह्या उंबऱ्यात पाय ठिवू नगंस!" आई दारात उभी होती.

सत्काराला माणसांपेक्षा हारच जास्त. सख्ख्या भावाच्या कामी आला नाही तो आपल्या काय कामाचा, असा गावानं हिशेब केला. रंगनाथ लंगडत एसटीत चढला. पुढं आई गेली तेव्हा आला, तोही रस्त्यावरच उभा राहिला. भिकानं आत ये म्हटलं नाही, रंगनाथनं येऊ का विचारलं नाही. मला भिकाच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. वाजवली नाही.

त्यानंतर वर्षभरात रंगनाथही वारला आणि गावाला त्याचं प्रेम फुटलं. स्मारक हवं, तेही बालपणीच्या घरालगतच! भिकानं मोठ्या मनानं जागा दाखवली. बोळ. दोन्ही भिंतींना भिडेल असा चौथरा झाला, वर रंगनाथचा पुतळा, पुढं लोखंडी जाळी. मंत्री आले. न्यायाबद्दलचं मुख्य भाषण मी केलं, आणि टाळ्या चांगल्या पडल्या.

माणसं पांगल्यावर गयाबाई आली. कमरेवर रिकामा हंडा. तिनं पुतळ्याकडं बोट केलं.

"गुर्जी, वाट आडवायला आता त्यालाच हुबा केला व्हय?"

माझ्या हातात मंत्र्यांचे हार होते. मी म्हणालो, "ओढ्याकडून जा."