डबा, पाट आणि आमचे भावोजी

धोका या गोष्टीवर आमच्या भावोजींनी जेवढं मनापासून प्रेम केलं, तेवढं अख्ख्या मुलुंडमध्ये दुसऱ्या कुणी केलं नसेल. भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. ऐंशीच्या दशकात ते भांडुपच्या एका कारखान्यात सेफ्टी ऑफिसर होते, आणि संध्याकाळचा भोंगा झाला तरी त्यांची ड्युटी काही संपत नसे. आमच्याकडे आले की चपला काढायच्या आधी ते स्वयंपाकघरात जाऊन गॅसची नळी हुंगत. लग्नाला गेले की नवरानवरीच्या आधी हॉलचा मागचा दरवाजा बघून येत, आणि त्याला कुलूप असेल तर त्यांना जिलबी गोड लागत नसे. विलेपार्ल्याला माझ्याच लग्नात, मंगलाष्टकं चालू असताना, ते माझ्या कानाशी येऊन पुटपुटले, "घाबरू नकोस. बाहेर पडायला वाट आहे." ते हॉलबद्दल बोलत होते. मला मात्र उगाच धीर आला.

अशा माणसाच्या वाट्याला आमची आक्का आली, आणि आक्का होडीला भ्यायची. आमचं गाव कोकणात, खाडीच्या पलीकडे. मीही त्याच खाडीकाठी वाढलो आणि मला पोहता येत नाही. 'शिकायचं राहून गेलं' असं मी चारचौघांत सांगतो. आई 'पाणी बघून पळायचा' असं सांगायची. लग्नानंतर पहिल्या दिवाळसणाला आक्का आणि भावोजी येत असताना त्यांची होडी काठाजवळच उलटली. सगळे वाचले, पण आक्का होडीवरच्या ताडपत्रीखाली अडकली होती. त्यानंतर तिने होडीत पाय ठेवला नाही. माहेरी जायचं तर डोंगराला वळसा घालून, एसट्या बदलत, शेवटी घाटी चढून जायचं. ते दर वर्षी जमेना. इकडे आई थकत चालली होती आणि मुंबईला यायला तयार नव्हती. "आईला काही झालं तर मी वेळेत पोचेन का रे?" आक्का मला विचारायची, आणि मी विषय बदलायचो.

भावोजींनी विषय बदलला नाही. "भीती म्हणजे अपुरी माहिती," असं जाहीर करून त्यांनी रद्दीवाल्याकडून एक विलायती मासिक पैदा केलं. त्यात कयाक नावाच्या लांबट, टोकदार होड्यांची चित्रं होती. एक बंद, म्हणजे माणूस कमरेपर्यंत आत आणि वरून झाकण. दुसरी उघडी, म्हणजे माणूस नावेच्या पाठीवरच बसणार. दोन्हींत सुरक्षित कुठली, यावर मासिकातल्या साहेबांचं एकमत नव्हतं. भावोजींनी कारखान्यातल्या मित्रांना हाताशी धरून फायबरच्या दोन्ही बनवल्या, आणि सोसायटीच्या गच्चीवर लोकांचे पापड वाळायचे बंद झाले. आक्काने बंद नावेचं नाव ठेवलं डबा आणि उघडीचं पाट. पाटाला तर भावोजींनी स्वतःच्या हाताने आरपार भोकं पाडली होती. वर आलेलं पाणी त्यातून निघून जातं, पोटातली हवा बंदच असते, नाव बुडत नाही, असं ते समजावत. "नावेला भोकं पाडणारा सेफ्टी ऑफिसर माझ्याच नशिबी होता," आक्का म्हणाली. भावोजींचं स्वतःचं मत डब्याकडे होतं. वजन खाली राहतं, अंग कोरडं राहतं, डुगडुग कमी. माझं मत कुणी विचारलं नव्हतं. आक्का एवढंच म्हणाली, "आधी ह्याला बसवा. हा तरला तर मी विचार करीन."

डब्याची तालीम गच्चीवरच झाली. गाद्या पसरून भावोजी मला नावेसकट उलटा करणार आणि मी सरसर बाहेर येणार, असं ठरलं होतं. माझं पोट आत गेलं, पण बाहेर यायला तयार होईना. डोकं गादीत, पाय डब्यात, अशा अवस्थेत मी देवाची नावं घेऊ लागलो. "झकास! हालू नकोस, हे फार उपयोगी आहे," भावोजी म्हणाले. शेवटी खोबरेल तेलाने माझी सुटका झाली. मी वर बघितलं तर आक्का हसत नव्हती. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. "अस्संच," ती म्हणाली. "ताडपत्रीखाली अस्संच झालं होतं." भावोजींनी तिच्याकडे बघितलं, आणि डबा पाण्याच्या टाकीमागे नेऊन टाकला. तो पुन्हा बाहेर आला नाही.

मग एका रविवारी टेम्पोतून पाट पवईला नेला. तलावात मगरी आहेत हे मला टेम्पोवाल्याने वाटेत सांगितलं. भावोजी थर्मोकोल शिवलेलं जाकीट मला चढवून, दोर धरून काठावर उभे राहिले. मी बसलो आणि पडलो. डावीकडून चढलो की उजवीकडे पडायचो, उजवीकडून चढलो की डावीकडे. प्रत्येक वेळी मगर आठवून मी ज्या चपळाईने वर यायचो, ती माझ्या अंगात आधी किंवा नंतर कधीच दिसली नाही. काठावर आक्का हसून हसून खाली बसली होती. पाण्याकडे बघून तिला हसताना मी इतक्या वर्षांत पहिल्यांदाच बघत होतो. मग तिने पदर खोचला आणि गुडघाभर पाण्यात आली. "सरक रे, मी बसते," ती म्हणाली. "पडलं तर पडलं. डोक्यावर तर काही नाही ना?"

त्याच वर्षी मे महिन्यात आम्ही तिघं खाडीच्या होडीत बसलो. आक्काने होडीवाल्याला ताडपत्री काढायला लावली आणि पलीकडच्या माडांकडे बघत ताठ बसून राहिली. भावोजींचा मात्र पत्ता नव्हता. म्हणजे ते शेजारीच होते, पण डोळे घट्ट मिटून, आक्काचा हात दोन्ही हातांनी धरून. मला एकदम आठवलं की पवईला ते दोर धरून काठावरच उभे होते, आणि गच्चीवरही डब्यात बसलो होतो तो मी. उलटलेल्या होडीत आक्काबरोबर भावोजीही होते, हे आम्ही सगळे साफ विसरलो होतो. "अहो, उघडा डोळे," आक्का म्हणाली. "आई धक्क्यावर आलीय बघा." त्यानंतर आई होती तोवर आक्का दर वर्षी अशीच आली, आणि भावोजीही तसेच आले.

आता आई नाही, भावोजीही नाहीत. खाडीवर पूल झालाय, तरी आक्का पुलाअलीकडे उतरते आणि होडीनेच पलीकडे जाते. परवा मी तिच्याबरोबर होतो. पोहायला मी अजून शिकलेलो नाही. होडी मध्यावर डुलली तसे मी डोळे मिटले. आक्काने माझा हात हातात घेतला.

"ह्यांचा याहून गार पडायचा," ती म्हणाली.