हाय म्हटलं की नमस्कार

जो मेसेज कुठल्याच नियमात बसत नाही, तो आमच्या सिस्टीममध्ये 'पडीक' नावाच्या फोल्डरात जाऊन पडतो. ऑफिसातल्या किश्शांचं तसंच आहे. कामाच्या कुठल्या खान्यात बसत नाहीत, पण टाकवतही नाहीत. माझ्या पडीकात साठलेल्या बहुतेक किश्शांत निनाद आहे. पोटात दुखतं म्हणूनच सांगते!

आमचं ऑफिस बारामतीजवळ जळोचीत, खताच्या दुकानाच्या वर. साखर कारखान्यांसाठी सॉफ्टवेअर करतो. वजनकाट्याचे मेसेज, शेतकऱ्यांचे मेसेज, सगळं एका जागी येतं. कुठला मेसेज कुठं धाडायचा, ते एका एक्सएमएल फाईलमध्ये लिहायचं. असं असेल तर हिशेबाकडं, तसं असेल तर शेतकी खात्याकडं, काहीच जुळत नसेल तर पडीक. पुढची पळापळ जावातला प्रोग्रॅम करतो.

ती फाईल आम्ही दोघं लिहितो. मी पहिल्यापासून आहे. निनाद मागच्या वर्षी पुण्याहून आला, बायकोला बारामतीत कॉलेजात नोकरी लागली म्हणून. आणि राऊत सरांनी, म्हणजे आमच्या मालकांनी, जाहीर करून टाकलं, "यंदाचा हंगाम सुरू झाला की दोघांतला एक टीम लीड!"

मला ती खुर्ची हवी होती. हवी म्हणजे हवीच होती.

*

एक्सएमएलमध्ये जे उघडलं ते बंद करावं लागतं. एक टॅग, म्हणजे कंसातला शब्द, उघडा राहिला तर सिस्टीम उठतच नाही. मागच्या हंगामात निनादनं एकदा राहू दिला. कारखान्याच्या गेटवर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागली, ड्रायव्हर टेप लावून नाचायला लागले. मी तो टॅग शोधला, बंद केला, काटा सुरू झाला.

राऊत सर निनादच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "घाबरू नका निनादराव, होतं असं!"

पुढच्या आठवड्यात माझ्याकडून टॅग बंद करणारी तिरकी रेघ राहिली. नव्या नियमांची नुसती ट्रायल होती, कारखान्याला पत्ताही लागला नाही. सर म्हणाले, "सुषमा, लक्ष कुठाय?"

तो निनादराव, मी नुसती सुषमा!

*

खालच्या दुकानाचे तात्या दुपारी वर येऊन बसतात. एकदा माझ्या स्क्रीनकडं बघून म्हणाले, "पोरी, ह्ये काय करतीस?"

मी हौसेनं समजावलं. हा मोठा टॅग, ह्याच्या पोटात छोटा, त्याच्या पोटात आणखी छोटा. तात्यांनी ऐकून घेतलं. मग निनादच्या स्क्रीनपाशी गेले. त्याची स्क्रीन काळी, वर हिरवी-केशरी अक्षरं.

"ह्ये बघ! ह्याला म्हंत्यात काम. तुजं नुसतं पांढरं हाय."

फाईल एकच होती हो! संध्याकाळी मी माझीही स्क्रीन काळी करून घेतली. डोळे दुखले, पण काळीच ठेवली.

*

'पडीक' हे नाव माझं. आधी तिथं इंग्रजी नाव होतं, 'मेलेली पत्रं' अशा अर्थाचं. मी म्हटलं, मेलेली कशाला, पडीक म्हणू, उद्या वहितीखाली येतील.

कारखान्याची माणसं ऑफिस बघायला आली तेव्हा सर अभिमानानं सांगत होते, "हे पडीक. आमच्या निनादरावांची कल्पना!"

निनाद म्हणाला, "नाही सर, सुषमाताईंची."

सर पाहुण्यांना म्हणाले, "बघा! क्रेडिटसुद्धा घेत नाही पोरगा."

*

हंगामाच्या तोंडावर शेतकऱ्यांना मेसेज जायचा, 'आपला ऊस तोडणीला तयार आहे का?' निनादनं फाईलमध्ये अगदी वरती एक नियम घातला होता. कुणी 'हाय' लिहिलं तर उत्तर जावं, 'नमस्कार! आपण कसे आहात?'

आता आमच्याकडं 'आहे' ला 'हाय'च म्हणतात. शेतकऱ्यांनी धडाधड लिहिलं, 'हाय'. सगळ्यांना नमस्कार गेले! जुळणारा पहिला नियम लागू होतो, त्यामुळं शेतकी खात्याकडं एकही नोंद गेली नाही. शेतकऱ्यांनी परत लिहिलं, 'बरा हाय, तुमी कसं हाय?' ते सगळं पडीकात.

मला एवढा आनंद झाला! पुरावा घेऊन मी सरांच्या केबिनमध्ये शिरले, तर सर फोनवर. पलीकडं कारखान्याचे शेतकी अधिकारी. स्पीकरवर ऐकू येत होतं, "राऊतसाहेब, लोक लई खूश हायती. आजवर कारखान्यानं उसाचीच चौकशी केली, माणसाची न्हाय!"

निनाद मागून आला. "सर, ती चूक होती माझी."

"आणि प्रामाणिक किती!" सर म्हणाले.

नमस्कार कायम राहिला. ऊससुद्धा तुटावा म्हणून त्याच्या पोटात दुसरा नियम लिहायचं काम मला मिळालं.

तेव्हापासून निनाद डबा खाताना पडीक उघडून बसायला लागला. एकेक मेसेज वाचायचा, एखाद्याला स्वतः उत्तर टाइप करायचा. मी मनात म्हणायचे, चांगुलपणाची हौस बघा किती!

*

गाळप सुरू झालं. सरांनी पेढे मागवले आणि म्हणाले, "टीम लीड, सुषमा."

माझ्या डोळ्यांत पाणी यायच्या बेतात होतं, तेवढ्यात सर पुढं म्हणाले, "खरं सांगतो, मी निनादरावांनाच करणार होतो. तेच म्हणाले, ताईंना करा."

खुर्ची मिळाली, तीही त्याच्या हातची! पेढा गोड लागला नाही.

पण घरी तरी सांगायला हवं. आमचे आबा अंथुर्ण्याला असतात, ऊस ह्याच कारखान्याला घालतात. मी बाहेर जिन्यात जाऊन फोन लावला.

"जय भीम, आबा! मी लीड झाले!"

"जय भीम. ब्येस झालं." मग म्हणाले, "आन् त्यो 'कसे आहात' इचारणारा पोरगा? त्यो हाय न्हवं अजून?"

"कोण, निनाद? आहे की."

"नाव न्हाय ठावं मला. त्याला म्हणावं, गुडघा आता बरा हाय."

"कुठला गुडघा, आबा?"

"त्याला ठावं हाय. तू नुसतं सांग."