चुनखडीच्या दोन मुठी

मल्लाप्पा गेल्याचं मला कळलं तेव्हा मी नववीच्या वर्गावर विज्ञानाचा तास घेत होतो. शाळेचा शिपाई दारात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "मास्तर, तुमचे जनावरांचे डॉक्टर... मंगळवेढ्याच्या गाडीत." मला वाटलं अपघात झाला. तसं काही नव्हतं. गाडी स्टँडवर लागली, माणसं उतरली, आणि मल्लाप्पा खिडकीपाशी बसल्या जागी तसाच राहिला. कंडक्टरला वाटलं, डोळा लागला असेल. पण ज्यांनी त्याला पाहिलंय त्यांना ठाऊक आहे की हा माणूस एसटीत काय, स्वतःच्या घरातही कधी डोळा लागून बसला नव्हता. जेवायचासुद्धा उभ्यानं, एक पाय उंबऱ्याबाहेर. आज पाच आठवडे झाले. मी दोनदा हा लेख लिहायला बसलो आणि दोनदा उठलो, कारण त्याच्याविषयी खरं लिहायचं तर आधी माझ्याविषयी लिहावं लागतं.

लोक त्याला डॉक्टर म्हणत, पण तो डॉक्टर नव्हता. पशुसंवर्धन खात्यात पर्यवेक्षक होता. घरात कानडी, बाहेर मराठी, आणि जनावरांशी जी काय भाषा तो बोलायचा ती तिसरीच. आमची ओळख बहात्तरच्या दुष्काळात झाली. करकंबच्या बाजूला जनावरांची छावणी होती आणि आम्हा शिक्षकांना तिथं नोंदी ठेवायच्या कामावर पाठवलं होतं. वैरण म्हणून फक्त उसाच्या शेंड्याची पाती, म्हणजे वाढे यायचे. गाई वाढे खायच्या, पोट भरायचं, पण अंग उतरत जायचं, आणि व्यायला झालेल्या गाई तर उभ्या राहताना थरथरायच्या. मल्लाप्पा दिवसभर छावणीत फेऱ्या मारत होता. एका दुपारी तो माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाला, "मास्तर, तू शाळेत रसायन शिकवतोस ना? वाढ्यात एक आम्ल असतं म्हणे, ते जनावराच्या अंगातला चुना धरून बाहेर नेतं. मग वरून चुना दिला तर?" मी म्हणालो, का नाही? त्यानं छावणीत चुन्याच्या निवळीची पिंपं भरली. ती निवळी वाढ्यांवर शिंपडायची आणि मग ते जनावरापुढं टाकायचे. तीन-चार आठवड्यांत फरक दिसायला लागला. व्यालेल्या गाई उठून वासरं चाटायला लागल्या. त्या दिवसांत आम्हाला दोघांनाही वाटत होतं की आपल्या हाती काहीतरी लागलंय... आणि पुढचं सगळं त्या वाटण्यातूनच निघालं.

दुष्काळ सरला, छावण्या उठल्या, जनावरं आपापल्या गोठ्यात गेली. त्यांना पुन्हा कडबा मिळायला लागला, पेंड मिळायला लागली. पण मल्लाप्पाला स्वस्थ बसवेना. गाभण म्हशींसाठी आपण एक भुकटी तयार करू, तो म्हणाला, म्हणजे व्यायच्या वेळी त्यांना चुना कमी पडणार नाही. बाजारात मिळणाऱ्या खुराकात हाडांची भुकटी असायची आणि त्याच्या भागातले बरेच लोक त्याला हात लावायला तयार नव्हते. म्हणून आम्ही चुनखडी घेतली, मीठ घेतलं, दोन-तीन क्षार घेतले. दर रविवारी शाळेच्या प्रयोगशाळेत बसून ते मिसळायचो. आणि किती द्यायचं, हे मी ठरवलं. मी फळ्यावर मांडून दाखवलं. म्हैस इतकं दूध देते, दुधातून इतका चुना जातो, तर व्यायच्या आधी महिनाभर रोज दोन मुठी घातल्या की तिच्या अंगात साठा होईल. प्रवासाला निघताना भाकरी बांधून घ्यावी तसं. मल्लाप्पा फळ्यापुढं उभा राहून बघत होता. "छावणीत व्यालेल्यांना दिलं, त्याचा गुण आला," तो म्हणाला. "आधीपासून द्यायचं म्हणजे... बरोबर आहे ना रे?" मी म्हणालो, "सरळ हिशोब आहे."

मंगळवेढ्याच्या पुढं, कानडी बोलणाऱ्या पट्ट्यातल्या एका गावात नीलव्वा नावाची बाई होती. नवरा नव्हता, ती आणि सून, आणि एक पंढरपुरी म्हैस, तलवारीसारख्या लांब शिंगांची. गावच्या हॉटेलाला दूध तिचंच. मल्लाप्पानं तिला भुकटी दिली तेव्हा तिचा पहिला प्रश्न होता, "ह्यात हाडं न्हाईत न्हवं?" नाहीत म्हटल्यावर तिनं ती देवघराशेजारच्या फडताळात ठेवली आणि महिनाभर एक दिवस न चुकता दोन मुठी घातल्या. म्हैस एका रविवारी सकाळी व्याली. रेडी झाली. दुपारपर्यंत म्हैस खाली बसली ती उठेना. नीलव्वाचा पुतण्या एसटीनं सोलापूरला आला आणि विचारत विचारत आमच्या शाळेत पोचला. आम्ही तेव्हा पुढच्या गावांसाठी भुकटी मिसळत होतो. मल्लाप्पा हात न धुता निघाला. कॅल्शियमची बाटली घेऊन तो पोचला तेव्हा म्हशीनं मान कुशीवर टाकली होती. शिरेतून अर्धी बाटली गेली असेल नसेल, तेवढ्यात ती गेली.

दुसऱ्या दिवशी तो माझ्याकडं आला. "रोज घालत होती रे ती," एवढंच म्हणत राहिला. आणि मी काय म्हणालो? मी म्हणालो, "मग दोन मुठी कमी पडल्या असतील. तीन करू." त्यानं माझ्याकडं बघितलं. माझ्यापेक्षा त्याला जनावरं कितीतरी जास्त कळत होती. पण मी शिकलेला, मी फळ्यावर मांडणारा. त्यानं तीन केल्या. त्या हंगामात आणखी दोन म्हशी बसल्या. वेळेवर बाटली लागली म्हणून उठल्या, एवढंच.

पुढच्या वर्षी खात्यानं त्याला एका प्रशिक्षणाला पाठवलं. परत आला तो स्टँडवरून घरी न जाता थेट शाळेत आला, हातात ट्रंक तशीच. मधली सुट्टी चालू होती. व्हरांड्यात उभं राहून त्यानं मला सांगितलं. व्यायच्या आधी चुना भरपूर मिळाला की जनावराच्या अंगाला सवय लागते. हाडांतला चुना काढायचं काम अंग थांबवतं. आणि व्याल्याबरोबर दुधासाठी एकदम मागणी आली की हाडं वेळेवर देत नाहीत. छावणीतल्या गाईंचा चुना वाढ्यांमुळं आधीच संपत होता, म्हणून तिथं निवळीनं तारलं. कडबा-पेंड खाणाऱ्या म्हशीला तेच... "आपण तिला मारली मास्तर," तो म्हणाला. "चल, उद्या नीलव्वाकडं जाऊन सांगू." मी म्हणालो, माझे पेपर तपासायचे राहिलेत. पेपर खरंच होते. पण चार तासांचं काम होतं ते, चार वर्षांचं नव्हतं.

तो एकटा गेला. नीलव्वाकडं गेला आणि मग जिथं जिथं भुकटी दिली होती त्या प्रत्येक गावी गेला. वरिष्ठांनी त्याला बोलावून बजावलं की असं सांगत फिरू नका, लोकांचा खात्यावरचा विश्वास उडेल. त्यानं ऐकून घेतलं आणि रजा टाकून फिरला. सायकलनं, एसटीनं, पायी. एका गावात त्याला चावडीवर तासभर उभं केलं. दुसरीकडं एक म्हातारा म्हणाला, "गेल्या साली घाला म्हनला, औंदा घालू नका म्हनताय. फुडच्या साली काय?" मल्लाप्पा म्हणाला, "व्यायच्या आधी बंद, व्याल्यावर सुरू. आज माझ्याकडं एवढंच नक्की हाय." यातलं मला तो कधी सांगायचा नाही. त्याच्याबरोबर सायकलवर हिंडणाऱ्या कंपाउंडरकडून कळायचं. मला तो पूर्वीसारखाच भेटायचा, उभ्यानं चहा प्यायचा, जायचा. मी दर भेटीत वाट बघायचो की आज हा मला काही बोलेल. तो बोलला नाही. पुन्हा "चल" असंही म्हणाला नाही. मला त्याचं ते न बोलणं सहन व्हायचं नाही. शेवटी शेवटी मीच भेटी टाळायला लागलो... आणि मग शिपाई दारात येऊन उभा राहिला.

गेल्या रविवारी मी मंगळवेढ्याची गाडी पकडली. पुढं पाच-सहा मैल चालत गेलो. नीलव्वा अंगणात शेण सारत होती. मी सोलापूरहून आलोय एवढंच बोललो, तशी तिनं हात धुतले, पदर सारखा केला. "बर्री, या, बसा," म्हणाली. बसलो. मल्लाप्पा गेल्याचं तिला ठाऊक होतं. मी वाटेत सगळं घोकून आलो होतो, पण तोंडातून एवढंच आलं, "त्या दोन मुठी त्याच्या नव्हत्या. माझ्या होत्या."

"ठावं हाय की," ती म्हणाली.

"कुणी सांगितलं?" मी विचारलं.

"तुमी शाळंतलं मास्तर न्हवं? त्यो हितं आला त्या दिशी मी लई बोलले त्याला. नगं नगं ते बोलले. त्यानं समदं ऐकून घेतलं, 'चूक माजी' म्हनला. मग उटताना म्हनला, 'अव्वा, माजा एक दोस्त हाय, त्योबी येईल. त्याला बोलू नकोस, त्यो आपलं आपन लई बोलून घेतोय.' चार वर्सं लावलासा की वो."

तिनंच उठवलं मला. गोठ्यात तिची दुसरी म्हैस होती, तीन दिवसांपूर्वी व्यालेली, ती दाखवायची होती तिला. आत शिरताच नीलव्वानं म्हशीचा कान मुठीत धरला आणि क्षणभर डोळे मिटले. व्याल्यापासून दिवसातून सहा-सात वेळा असं बघायचं, मल्लाप्पानं शिकवलेलं. कान गार लागला की लगेच माणूस पाठवायचा. आता गावातल्या साऱ्या बाया असंच करतात म्हणे. तिनं माझा हात ओढून त्या कानावर ठेवला. "ऊन हाय का?"

ऊन होता. मऊ, लवदार, आणि माझ्या हातात सारखा हलत होता.

"भुकटी घालाया लागलेय परवापासनं," ती म्हणाली. "किती दीस घालू, मास्तर?"

चार वर्षांपूर्वी मी खडू मागितला असता. "मला माहीत नाही," मी म्हणालो. "दवाखान्यात विचारतो आणि सांगतो."

"मग फिरून यावं लागंल तुमास्नी," नीलव्वा म्हणाली, आणि माझ्या हातातला कान सोडवून घेऊन दुसरा बघायला पलीकडं गेली.