बुच्चम्मा आत्याचा उरलेला धागा

लिही रे राजा. आमच्या पुट्टपाक्यात घरोघरी माग, पण ताणा घालायला सगळ्यांना बुच्चम्माच लागायची. माझ्या बापाची थोरली बहीण ती. नवरा लवकर गेला, माहेरी आली आणि ताण्यालाच चिकटली. आता तयार ताणा लॉरीतून येतो, बघावंसंही वाटत नाही. तिच्या ताण्यात उभे धागे कायम पंचवीसशे वीस.

"आत्या, हाच आकडा का गं?"

"गुणाचं पोर आहे ते. दोघांत वाट, तिघांत वाट, सातांत वाट, पार दहापर्यंत. मागं काही उरतं का बघ."

खरंच नाही उरायचं. कुणाला साडीच्या रुंदीत सात मोर हवे, कुणाला नऊ फुलं. आत्या तेवढे सारखे गठ्ठे पाडायची, बांधायची, मग रंगात बुडवायची; बांधल्या जागी रंग चढत नाही, तिथंच नक्षी उमटते.

माझं लग्न ठरलं. सासू आंडाळम्मा, तीही विणकराच्या घरचीच. तिचा निरोप आला, नवरीच्या साडीत अकरा पोपट पाहिजेत, आमची रीत आहे. एखादा जाड-बारीक दिसला तर साडी परत.

"अकरा तर अकरा. माझ्या आकड्याला काय धाड भरली?" आत्या म्हणाली.

धागे अकरांत वाटले. एक धागा उरला. परत वाटले, परत एकच.

आई हसली. "वन्सं, तुमचं गुणाचं पोर रुसलं की हो! द्या तो कुठल्यातरी पोपटाला."

"एक फुगला की बाकीचे उपाशी दिसतात. विणणारीला कळतं ते."

"मग काढून टाका."

"काढून टाका म्हणे! तो गेला की बाकीचे दोघांत जात नाहीत, तिघांत नाहीत, दहांतसुद्धा नाहीत. सगळा गुण त्या एकाच्या जिवावर आहे."

ताणा तसाच पडून राहिला. लग्न तोंडावर आलं नि मला रडू फुटलं. आत्यानं माझ्याकडं बघितलं, आपल्याच हातानं तो धागा ओढून घेतला.

अकराही पोपट एका मापाचे उतरले. आंडाळम्मानं साडी उन्हात धरून एकेक पोपट बोटानं चाचपला. परत दिली नाही, एवढंच.

मांडवात भटजींनी मंगळसूत्रासाठी हळदीचा दोरा मागितला. आईनं ताटात ठेवला. साडीच्या लांबीचा तोच धागा होता, घडीवर घडी घालून वळलेला, हळदीत भिजवलेला. आत्या विधवा, म्हणून मांडवाबाहेर चुलीपाशी बसलेली.

"हा बुच्चम्मानं वळलाय का?" कुणीतरी कुजबुजलं. "अपशकुन गं बाई!"

आईचा हात थांबला. 

"आण इकडं," आंडाळम्मा म्हणाली, चुलीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात. "तिचा आकडा गावोगाव ठाऊक आहे. अकरांत एक उरतो हे मी घरीच वाटून बघितलं होतं. उरलेल्याचं ही बाई काय करते, तेच बघायचं होतं मला. ना लपवला, ना फेकला."

आणि तोच दोरा माझ्या गळ्यात पडला.

तिकडं आत्या मोठ्यानं खोकली. धूर लागला म्हणे.